एचेवेरिया प्रकल्प: इंदूरच्या सुदामा नगरची पूर्वेची बाल्कनी

१९ जानेवारी २०२५

झाड आलं. बायपासकडच्या एका नर्सरीतून, १८० रुपये, काळ्या पातळ प्लास्टिकच्या कुंडीत. नर्सरीवाला म्हणाला "रोज थोडा थोडा पानी देते रहना मैडम, कुछ नहीं होगा". हा सल्ला तिथेच सोडून आले. एचेवेरिया, म्हणजे जाड रसाळ पानांचं सक्युलंट, आहे हे नक्की, आणि रंगावरून पर्ल फॉन न्यूर्नबर्ग वाटतंय, जर्मनीत तयार झालेली संकरित जात, करडी-जांभळी पानं आणि कडेला गुलाबी झाक. फोटोत असतं तसं चपटं घट्ट फूल (म्हणजे पानांचाच फुलासारखा गुच्छ) मात्र नाही हे. नर्सरीत डबल हिरव्या जाळीखाली ठेवलेलं त्यामुळे उंच झालंय, दोन पानांच्या मधे देठ दिसतोय, खालची पानं खाली वळलीयत. असंच घेतलं मुद्दाम, कारण घट्ट असलेलं ४५० ला होतं आणि लांबलेल्याचं काय करायचं ते मला माहितीये.

घरात दुसरं एक आहेच, आत्याने दिलेलं घोस्ट प्लांट, त्याच कुळातलं. ते कुठेही जगतं. नोंदी ठेवतेय कारण नेटवर जे काही मिळतं ते एकतर कॅलिफोर्नियाचं नाहीतर इंग्लंडचं, आणि मराठीत जे थोडंफार आहे ते पुणे-ठाण्याचं. माळव्यात काय चालतं ते कुणी लिहीत नाही.

२० जानेवारी

कुंडीतून काढून बघितलं. वरचं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कोरडं ठणठणीत, आणि मुळांच्या मधोमध लिंबाएवढा गोळा ओलाच, दाबला तर पाणी सुटलं. नर्सरीवाल्यांना कोकोपीट सोयीचं, हलकं असतं, ट्रकमधून आणायला बरं. पण कोकोपीट एकदा पूर्ण सुकलं की पाणी पटकन घेत नाही, बरंचसं बाजूने निघून जातं, आणि ओलं राहिलं की मधे राहतंच राहतं. बोटांनी हळूहळू सगळं सोडवलं, बारीक मुळं थोडी तुटली, तुटू देत. दोन दिवस पेपरवर उघडंच ठेवणार, मग मातीत.

आई दोनदा येऊन विचारून गेली की "अगं ते मरेल ना असं".

२६ जानेवारी

आज मातीचा दिवस. सुट्टी असल्याने बाबा पण होते.

आपली इथली काळी माती, म्हणजे बेसॉल्टचा खडक झिजून झालेली, कापसाला आणि गव्हाला सोनं. पण त्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की भेगा पडतात, उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या. कुंडीत तेच होतं छोट्या प्रमाणात, ओली असताना मुळांना हवा नाही, आणि सुकताना आकसते तेव्हा मुळं ताणली जातात. गुलाब, मोगरा सोसतो. एचेवेरिया नाही सोसत, ते मूळचं मेक्सिकोच्या डोंगरातलं, खडकांच्या फटीत मूठभर मातीत राहणारं.

परलाइट, म्हणजे माती मोकळी ठेवणारे पांढरे हलके दाणे, ऑनलाइन मिळतं पण महाग आणि वाऱ्याने उडतं. बाबा म्हणाले मुरूम का नाही घेत, रस्त्याच्या कामाला टाकतात तो. आणि खरंच, मुरूम म्हणजे तोच बेसॉल्ट अर्धवट झिजलेला, खडबडीत, आत थोडं पाणी धरतो आणि बाकीचं सोडून देतो. कोपऱ्यावर घराचं काम चाललंय तिथून विचारून एक घमेलं आणलं. बाबांनी आधी गव्हाच्या चाळणीने चाळला (आई बघायच्या आत), मग रेतीच्या चाळणीने. खाली पडलेली धूळ फेकली, वरचे मोठे खडे फेकले, मधले ज्वारीपासून हरभऱ्यापर्यंतचे ठेवले आणि पाणी गढूळ यायचं थांबेपर्यंत धुतले. नर्मदेची रेती पण तशीच, फक्त जाड भाग. विटेचे तुकडे थोडे. आणि या सगळ्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढं गांडूळखत आणि जुन्या कुंडीतली भुसभुशीत माती मिळून.

चाचणी सोपी आहे, कुंडीत भरून वरून तांब्याभर पाणी ओतायचं, वर साचून राहिलं तर नापास. आमचं पाणी ओतता ओतताच खालून गेलं. कुंडी मातीची घेतलीये, झाडाच्या घेरापेक्षा बोटभर मोठी, त्याहून मोठी नको कारण जास्त माती म्हणजे जास्त वेळ ओल.

२ फेब्रुवारी

बाल्कनी पूर्वेची, ऊन सकाळी साडेसातपासून अकरापर्यंत. लगेच उन्हात नाही ठेवलं. जाळीखालून आलेलं झाड एकदम कडक उन्हात ठेवलं की पानांवर तपकिरी डाग पडतात आणि ते डाग त्या पानावर कायमचे राहतात. आधी तासभर ऊन, मग हळूहळू वाढवत.

९ फेब्रुवारी

डोकं उडवलं. लांबलेला देठ परत आखूड होत नाही, कितीही ऊन द्या, नवीन पानं वर घट्ट येतील पण खालचा नागडा देठ तसाच. म्हणून वरचं फूल कापायचं. बाबांच्या दाढीचं नवीन ब्लेड स्पिरिटने पुसून घेतलं. कापायच्या आधी मधली पानं काढून घेतली, देठाला जागा हवी ना. पान काढताना ओढायचं नाही, बुडाशी धरून डावीकडे उजवीकडे हलवायचं, मग एक बारीक टक् आवाज येतो आणि पान पूर्ण निघतं, बुडाला किंचित खोलगट, स्वच्छ. तो बुडाचा भाग राहिला तरच नवीन झाड येतं. अर्धं तुटलेलं पान कितीही जपलं तरी मूळ आलं तर येईल, रोप नाही येत.

देठाचा काप ओला, हिरवट पांढरा. फूल एका रिकाम्या काचेच्या पेल्यावर ठेवलंय, देठ आत लोंबता, पाणी नाही. पानं स्टीलच्या ताटात, सावलीत. खालचा बोडका देठ कुंडीतच, त्याला फुटवे येतील.

आईला हे सगळं क्रूर वाटतंय.

१९ मार्च, रंगपंचमी

मधे लिहायचं राहिलं. पेल्यावरच्या फुलाला मुळं आली, गुलाबी, केसासारखी, मग मुरूमवाल्या मातीत लावलं आणि आठवडाभराने पहिलं पाणी. ताटातल्या पानांपैकी बऱ्याच जणांना बुडाशी मुळं किंवा मोहरीएवढी रोपं, काहींना दोन्ही, काही पानं नुसतीच सुरकुतून गेली.

आजचा दिवस धोक्याचा. गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, राजवाड्याला, पण रंग आमच्या गल्लीत पण काही कमी नसतो, गच्चीवरून गुलाल, पिचकाऱ्या, टँकर. सगळ्या कुंड्या सकाळी सहाला आत घेतल्या. पानांवर जी पांढरट पूड दिसते ती मेणाची असते, झाडाने स्वतः केलेली, तिने ऊन परावर्तित होतं आणि पाणी घसरून जातं. बोट लागलं की ठसा उमटतो आणि जुन्या पानावर ती परत येत नाही. त्यावर गुलाल बसला तर पुसता येत नाही, धुवावं तर पूड जाते. शेजारच्या काकूंची पोरं आली तेव्हा पहिलं वाक्य "हात नका लावू" होतं माझं, सणाच्या दिवशी. असो.

२३ मार्च

आई ताटाजवळ बसून म्हणाली ही तर पानफुटीच की. बरोबर आहे, एकाच कुळातली भावंडं, शाळेत सगळ्यांनी वहीत पान ठेवून बघितलेलं असतं. फरक एवढाच की पानफुटीला रोपं पानाच्या कडेच्या खाचांतून फुटतात आणि यांना बुडातून.

त्यावरून एक गंमत. १८१३ मध्ये हिंदुस्तानात काम केलेल्या बेंजामिन हाइने नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाने लंडनच्या लिनियन सोसायटीच्या लॅम्बर्टना कळवलं की पानफुटीचं पान सकाळी चावलं तर आंबट लागतं आणि दुपारपर्यंत बेचव होतं. कारण मागाहून कळलं. ही झाडं दिवसा पानांची छिद्रं बंद ठेवतात, नाहीतर उन्हात पाणी उडून जाईल. रात्री उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्लाच्या रूपात साठवतात, आणि दिवसा दारं लावून ऊन वापरून त्याची साखर करतात. म्हणजे पहाटे पानात आम्ल भरपूर, संध्याकाळी संपलेलं. या प्रकाराला इंग्रजीत नावच या कुळावरून पडलंय.

पानफुटी जनावरांना बाधते, ती काही आम्ही चावली नाही. घोस्ट प्लांटची पानं मात्र तैवानमध्ये खातात, आणि आत्याच्या झाडाला कधी औषध मारलेलं नाही. म्हणून सकाळी साडेसहाला एक पान धुवून आईला अर्धं मला अर्धं. आंबट! अगदी कैरी नाही पण जीभ आत ओढली जाईल इतकं. दुपारी चारला परत एक, नुसतं पाणचट, थोडं काकडीच्या सालीकडे झुकणारं. आई म्हणाली सकाळचं मीठ लावून बरं लागेल. आता तिला या प्रकल्पात रस आलाय.

१३ एप्रिल

मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. मधल्या पानांच्या बेचक्यात कापसाचे कण, आणि कुंडीच्या काठावरून मुंग्यांची रांग. मुंग्या दिसल्या की आधी मिलीबग शोधायचे, त्यांचा गोड स्राव मुंग्यांना हवा असतो म्हणून त्या त्यांना एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात पण. कडुनिंबाचं तेल मारलं तर जातात, पण तेलाने पांढरी पूड जाऊन झाड चिकट हिरवं दिसतं, आणि वर ऊन लागलं तर भाजतं. त्यामुळे इअरबड ७० टक्केवाल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून एकेक किडा टिपायचा, संध्याकाळी. किडा गुलाबी होतो मग मरतो. वेळखाऊ काम आहे, पॉडकास्ट लावून करावं. दर रविवारी परत, अंडी राहतातच कुठेतरी. कुंडीखालची बशी पण उचलून बघायची, तिथे लपतात.

४ मे

ऊन ४१ वर. दुपारचं थेट ऊन बाल्कनीत येत नाही म्हणून वाचलो, पश्चिमेच्या खिडकीत ठेवलेलं एक पिल्लू मात्र बाबांनी दुपारी हात लावला तर ग्रिल एवढं तापलेलं की ते पण आत आणलं. ५० टक्केवाली जाळी लावलीये सकाळच्या उन्हाला.

सगळे म्हणतात उन्हाळ्यात जास्त पाणी द्या. इथे उलटं आहे. रात्र गार झाली तरच हे झाड नीट छिद्रं उघडतं, रात्रीच २६-२७ राहिली की ते कामच बंद करतं, वाढ थांबते, मग मुळांनी पाणी ओढायचं कशाला. गरम माती आणि ओल एकत्र म्हणजे कुजणं. खालची पानं थोडी मऊ आणि सुरकुतलेली दिसली की संध्याकाळी उशिरा पाणी, तेही भरपूर आणि एकदाच, चमचा-चमचा नाही. चमचाभराने वरचा इंचभर ओला होतो आणि मुळं खाली तहानलेलीच.

पूर्वी म्हणायचे सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध आणि शब-ए-मालवा. पठारावर असल्याने आपल्या रात्री दिवसापेक्षा बऱ्याच गार पडतात, मेमध्ये सुद्धा गच्चीवर एक-दोनच्या पुढे चादर लागायची असं आजी सांगायची. मेक्सिकोच्या पठारावरच्या झाडाला अजून काय हवं. आता सगळीकडे सिमेंट झालंय, भिंती रात्री बारापर्यंत गरम, तरी मुंबईपेक्षा शंभर पटीने बरं. मुंबईच्या मावशीची एचेवेरिया दरवर्षी मरते आणि ती दरवर्षी स्वतःला दोष देते, तिला हेच समजावलं फोनवर, तुझं काही चुकत नाही, तिथे रात्रच होत नाही झाडाच्या हिशोबाने.

१८ मे

पाणी कधी द्यायचं ते ओळखायला आईची युक्ती: विझलेल्या उदबत्तीची काडी तळापर्यंत खोचायची, पाच मिनिटांनी काढायची. काडीला माती चिकटून आली किंवा काडी गडद झाली तर नाही द्यायचं. पैसे देऊन मॉइश्चर मीटर मागवलं होतं, ते मुरूमात काहीही आकडे दाखवतं.

बोरिंगचं पाणी बंद केलंय यांना. कुंडीच्या बाहेरून पांढरे क्षार यायला लागले होते. नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं तेव्हा एक बादली वेगळी भरून ठेवायची.

२२ जून

पाऊस आला. सगळी कुंडी-फौज छज्ज्याखाली भिंतीला लागून. आपण कर्कवृत्ताच्या जरा खाली, त्यामुळे या दिवसांत दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर, छज्ज्याची सावली सरळ खाली पडते, म्हणजे उजेड भरपूर आणि थेट ऊन नाही. पावसापासून पण बचाव, तिरका पाऊस सोडून.

१३ जुलै

एक गेलं. बोडक्या देठावर आलेल्या फुटव्यांपैकी सगळ्यात मोठं. काल सकाळी बुडाची पानं पिवळट, आरपार दिसणारी, आणि संध्याकाळी बोट लावलं तर खालची सगळी पानं एकदम गळून पडली, देठ आतून काळा. पाणी पंधरवड्यात दिलेलं नाही, पण हवाच इतकी दमट की माती सुकत नाही. इंदूरला वर्षाचा पाऊस साधारण ९५० मिलिमीटर आणि तो जवळपास सगळा या चार महिन्यांत, त्यामुळे इथे या झाडाची खरी परीक्षा मेमध्ये नाही, आत्ता आहे. तहानेने मरायला त्याला महिने लागतात, कुजून मरायला दोन दिवस पुरतात.

काळ्या भागाच्या बरंच वर कापलं, काप स्वच्छ हिरवा दिसेपर्यंत, वरचा शेंडा परत पेल्यावर. टेबल फॅन बाल्कनीत लावलाय रोज दुपारी, दोन कुंड्यांमध्ये हाताचं अंतर. बाबा म्हणतात झाडांना पंखा आणि मला कूलर नाही.

२० जुलै

दिवसभर धो धो. करण्यासारखं काही नाही म्हणून वाचत बसले. एचेवेरिया हे नाव एका चित्रकाराचं आहे, अतानासियो एचेवेरिया, मेक्सिकोचा. १७८७ पासून स्पेनच्या राजाने मेक्सिकोतल्या वनस्पतींची मोहीम चालवली त्यात हा चित्रं काढायचा. राजकारणात ती चित्रं मोहिमेतल्या मोसिन्योबरोबर फिरत फिरत फ्रान्सला, तिथून दे कांदोल नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाकडे जिनिव्हात. १८१७ मध्ये मोसिन्योने एकदम परत मागितली. मग गावातल्या शंभरेक लोकांनी, त्यात बऱ्याच बायका, दहाएक दिवसांत बसून हजाराच्या आसपास चित्रांच्या नकला केल्या. कल्पना करा, घरोघरी जेवणाच्या टेबलावर मेक्सिकोची झाडं रंगवतायत. त्या दे कांदोलने १८२८ मध्ये या झाडांना चित्रकाराचं नाव दिलं. एवढं वाचून होईपर्यंत वीज गेली, पंखा बंद.

३१ ऑगस्ट

गणपती बसलेत, वेळ नाही. सगळी जिवंत. शेंडा रुजला.

१२ ऑक्टोबर

पाऊस संपला, ताटातली रोपं रुपयाएवढी झालीयत, मातीच्या छोट्या कुंड्यांत हलवली. ज्या पानातून रोप फुटलं ते पूर्ण सुकल्याशिवाय काढायचं नाही, पिल्लू त्याच्यातूनच पाणी घेत असतं. छोट्यांना मात्र मोठ्यांपेक्षा लवकर लवकर पाणी लागतं, त्यांच्याकडे साठवायला जागाच नाही. जाळी काढली. ऑक्टोबरचं ऊन कडक असतं त्यामुळे परत तीच हळूहळूची सवय. खत पहिल्यांदाच दिलं, पाण्यात विरघळणारं, डब्यावर लिहिलंय त्याच्या पाव हिश्श्याने. जास्त दिलं की फोफावतात आणि रंग जातो.

१४ डिसेंबर

रात्री १० च्या खाली. रंग काय आलाय! मधली पानं मोतिया, कडा गडद गुलाबी, आणि एकदम चपटं घट्ट, देठ दिसतच नाही. थंडी आणि भरपूर ऊन दोन्ही मिळून होतं हे. सूर्य आता दक्षिणेला सरकलाय, बाल्कनीत ऊन कमी वेळ येतं, म्हणून कुंड्या उजव्या कोपऱ्यात नेल्या आणि दर दोन दिवसांनी चतकोर फिरवते, नाहीतर फूल उजेडाकडे कलतं. नर्सरीत ४५० ला होतं ते याच्यापुढे काहीच नाही, असं मी म्हणत नाही, बाबा म्हणतात.

पानांच्या मधून एक वाकडा दांडा निघतोय.

११ जानेवारी २०२६

दांडा वीतभर, टोकाला घंट्या, बाहेरून कोरल, आत पिवळ्या. आईचा जीव खालीवर, तिला वाटतंय केळीसारखं आता फुलून झाड मरणार. युरोपातल्या डोंगरावरचं सेम्परविव्हम दिसायला असंच असतं ते मरतं फुलल्यावर, एचेवेरिया नाही मरत. थोडी ताकद जाते एवढंच. मावा येतो मात्र दांड्यावर, आलाच, इअरबड परत काढले.

फुलं निम्मी उमलली की दांडा कापणार, कारण त्यावरची छोटी छोटी पानं पण बुडातून काढून ताटात ठेवली की रुजतात, कधी कधी खालच्या पानांपेक्षा चांगली. आत्याने एक मोठं पिल्लू मागितलंय. तिच्या अंगणात सगळी काळी माती, तर कुंडी आणि चाळलेला मुरूम दोन्ही इथूनच पाठवतेय बाबांबरोबर, आणि सांगितलंय जून लागला की पायरीवरून उचलून पडवीत, पंखा नको असेल तर निदान भिंतीपासून लांब ठेव. ती विचारत होती शेणखत घालू का. नको.